मदत हवी आहे: कॉलेजच्या उपग्रहावर हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींसाठी नक्की काय पाठवावं?

नमस्कार मंडळी,

मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही विद्यार्थी मिळून २यू आकाराचा क्यूबसॅट (साधारण १०×१०×२० सेंटिमीटरचा छोटा उपग्रह) बांधतोय. रेडिओचं काम माझ्याकडे आहे. मुख्य पेलोड छोटा कॅमेरा. डाउनलिंकसाठी (उपग्रहाकडून जमिनीवर येणाऱ्या सिग्नलसाठी) बहुतेक कॉलेजं धरतात तीच वाट आम्ही धरली, ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्‌झचा हौशी उपग्रह पट्टा. आता आयएआरयूकडे (आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटनेकडे) फ्रिक्वेन्सी समन्वयाचा अर्ज करायचाय, आणि त्यात मोहीम हौशी सेवेत कशी बसते ते सांगावं लागतं.

टीममधल्या काहींचं म्हणणं, बीकन (ठरावीक वेळाने जाणारा ओळख-सिग्नल) लावू, टेलिमेट्रीचा (उपग्रहाच्या तब्येतीच्या आकड्यांचा) फॉरमॅट जाहीर करू, झालं. मला हे अजिबात पटत नाही. हा पट्टा हॅमनी वर्षानुवर्षं वापरून, भांडून राखलाय. आपण त्यांच्या घरात राहणार असू तर त्यांच्या उपयोगाचं काहीतरी घेऊन जायलाच हवं.

आपल्याकडची उदाहरणं बघा. ५ मे २००५ ला पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ बरोबर हॅमसॅट वर नेला. वजन ४२.५ किलो, त्यात दोन लिनियर ट्रान्सपाँडर (आलेला अख्खा पट्टा दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर परत पाठवणारी यंत्रं), एक भारतीय आणि एक नेदरलँड्समधल्या विद्यार्थी हॅमने बनवलेला. व्हीओ-५२ या नावाने तो २०१४ मध्ये बॅटरी जाईपर्यंत जगभर वापरला गेला. पुण्याच्या सीओईपीचा स्वयम (जून २०१६) जेमतेम एक किलोचा, पण त्याचा हेतूच निरोप पोचवण्याचा होता. आणि आयआयटी मुंबईचा प्रथम, २६ सप्टेंबर २०१६. आयनोस्फिअरमधले इलेक्ट्रॉन मोजण्यासाठी त्याचे सिग्नल जमिनीवर ऐकावेच लागणार होते, म्हणून त्यांनी इतर कॉलेजांनाही ग्राउंड स्टेशन उभारायला लावली. ऐकणाऱ्यांना कामात सामील करून घेण्याची ही कल्पना मला फार आवडते.

आमच्यापुढे दोन पर्याय आहेत: एफएम रिपीटर (ऐकलेला आवाज पुन्हा प्रसारित करणारा) किंवा एपीआरएस डिजिपीटर (छोटे डिजिटल निरोप, म्हणजे पॅकेट, पुढे पाठवणारा). लिनियर ट्रान्सपाँडरवर एकाच वेळी अनेकांचं बोलणं होतं हे खरं, पण आमच्या वीज-हिशोबात तो बसत नाही. मन रिपीटरकडे ओढतंय, कारण शाळेतल्या मुलांना हँडसेटवर माणसाचा आवाज ऐकू आला की त्याची मजा वेगळीच. अडचण विजेची. पॅनेल अंगालाच चिकटवलेली, सरासरी अडीच-तीन वॅट मिळतील. अर्धा वॅट आरएफ सतत सोडायचं तर त्यातली जवळपास निम्मी वीज एकटा रिपीटर खाणार, वर दर फेरीत अर्ध्या तासाहून जास्त सावली. एसओ-५० या हौशी उपग्रहावर ७४.४ हर्ट्‌झचा टोन दिला की दहा मिनिटांचा टायमर सुरू होतो. तसं काही करावं का?

दुसरा प्रश्न, अपलिंक १४५ मेगाहर्ट्झवर आणि डाउनलिंक ४३५ वर, की उलट? आणि तिसरा ग्राउंड स्टेशनचा. आमच्या गच्चीच्या पश्चिमेला टॉवर उभे राहिलेत, खाली लिफ्टची मोटर आणि एलईडी दिव्यांचा गोंगाट. क्षितिजापासून १५ अंशांपर्यंत काही ऐकू येईल असं वाटत नाही. मुंबईत कुणाचा अनुभव?

प्रतिसाद १

तुमची तळमळ बघून बरं वाटलं. आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, त्यावर बाकीचं ठरेल.

१४५.९ ची तिप्पट किती? ४३७.७. म्हणजे उपग्रह १४५ वर बोलत असेल तर त्याचा तिसरा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पटीवर उमटणारा नको असलेला सिग्नल) त्याच्याच ४३५ च्या रिसीव्हरच्या उशाशी येऊन बसतो. २यू च्या डब्यात दोन्ही अँटेना हातभर अंतरावरही नसतात, त्यामुळे चांगला फिल्टर लागतो, आणि फिल्टरला जागा लागते. उलट केलंत, ऐकणं १४५ वर आणि बोलणं ४३५ वर, तर उपग्रहावरची ही कटकट मिटते. तोटा ऐकणाऱ्याचा. साध्या अँटेनावर ४३५ चा पाथ लॉस (वाटेतली सिग्नलची घट) १४५ पेक्षा साडेनऊ डेसिबलने जास्त, आणि डॉपलर (उपग्रहाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सीचं सरकणं) तीन-साडेतीन किलोहर्ट्‌झऐवजी दहापर्यंत सरकतो. शाळेतली मुलं ऐकणार म्हणताय ना, मग त्यांना यागी (एका दिशेला रोखायची अँटेना) द्यावी लागेल. मेजरिंग टेपच्या पट्टीची करा, सोपी आहे.

पण माझं मत विचाराल तर डिजिपीटर. १४५.८२५ हीच फ्रिक्वेन्सी अंतराळ स्थानकही वापरतं, २०१९ मध्ये पीएसएलव्ही-सी४५ च्या चौथ्या टप्प्यावर अ‍ॅमसॅट इंडिया या हौशी उपग्रह संघटनेचा एपीआरएस पेलोड गेला तो याच कामासाठी. एकच फ्रिक्वेन्सी, एकच रेडिओ, पॅकेटपुरताच ट्रान्समिट. हार्मोनिकचा प्रश्नच उरत नाही, कारण बोलताना तो ऐकत नाही. वीज रिपीटरच्या मानाने किरकोळ. आणि एफएम रिपीटरवर ज्याचा सिग्नल दांडगा त्याचाच आवाज जातो, पाच वॅटवाली मुलं मागे राहतात, हेही ध्यानात घ्या.

प्रतिसाद २

स्टेशनबद्दल. प्रीअँप्लिफायर (क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) अँटेनाच्या बुडाशीच लावा, खाली रेडिओजवळ नको. आरजी-५८ ची दहा मीटर केबल ४३५ वर तीन डेसिबलहून जास्त गिळते. आरटीएल-एसडीआर (संगणकाला जोडायचा स्वस्त रिसीव्हर) वापरणार असाल तर पुढे एफएम ब्रॉडकास्ट अडवणारा नॉच फिल्टर हवाच, मुंबईत त्याशिवाय रिसीव्हर भरून जातो. खाऱ्या हवेने कनेक्टर पावसाळ्याभरात गंजतात, सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप गुंडाळा.

अर्जात अजून एक लागेल. उपग्रहामुळे दुसऱ्यांना अडथळा आला तर तो ताबडतोब बंद करता येईल एवढी कमांड स्टेशनं प्रक्षेपणाआधी तयार हवीत, असा आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमच आहे. तुमची एकटी गच्ची, तीही टॉवरांनी वेढलेली, यावर भिस्त ठेवू नका.

धागाकर्ती

काका, हार्मोनिकचं गणित आज टीमला फळ्यावर मांडून दाखवलं. डिजिपीटरवर सगळ्यांचं एकमत झालंय. आवाजाची हौस अशी भागवू, की फावल्या विजेत त्याच ट्रान्समीटरवरून शाळांनी रेकॉर्ड केलेले छोटे निरोप एफएमवर वाजवायचे. वेळापत्रक आधी जाहीर करू, आणि ते १४५.८२५ वर न वाजवता वेगळी फ्रिक्वेन्सी मागू, म्हणजे पॅकेटवाल्यांना त्रास नको.

आता कमांड स्टेशन. नाशिक, संगमनेर किंवा साताऱ्याकडे, जिथे क्षितिज मोकळं आहे आणि वीज फारशी जात नाही, अशा ठिकाणी परवाना असलेलं कुणी हॅम आहे का? कॉलेज असेल तर उत्तम. अँटेना, रोटेटर आणि बसवण्याची मेहनत आमची. अर्जात दुसऱ्या स्टेशनचे अक्षांश-रेखांश लिहायचेत, तेव्हा कृपया इथेच कळवा.