जॅम बार कुकीजचा तळ पावसाळ्यात खुसखुशीत कसा ठेवावा?

घोडबंदरकर:

सर्वांना नमस्कार. श्रावणात आमच्याकडे मंगळागौर आहे आणि रात्रीच्या जागरणाला चहाबरोबर देण्यासाठी जॅम बार कुकीज घरीच भाजाव्यात असे मनात आहे. अंडे चालणार नाही. खाली मैदा, लोणी आणि पिठीसाखरेचा थर, मधे जॅम आणि वर त्याच पिठाचा चुरा अशी साधी कृती आहे, आणि ताज्या वड्या सगळ्यांना आवडतात. अडचण येते ती दुसऱ्या दिवशी. ठाण्याच्या या हवेत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवूनसुद्धा सकाळपर्यंत जॅमखालचा भाग ओलसर होतो, आणि कापताना वरचा चुरा सुटून ताटात पडतो. पूजेच्या दिवशी ओटीजी लावायला सवड मिळणार नाही, त्यामुळे वड्या आदल्या दिवशीच तयार हव्यात. जॅम बाजारचा घ्यावा की घरी करावा, आणि पिठात काही बदल करावा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. साचा ८ इंची, चौकोनी, अॅल्युमिनियमचा आहे.

ऐरोलीकर:

हवेच्या दमटपणाने वड्या बाहेरून मऊ पडतात. आपल्याकडे मात्र नेमका जॅमखालचाच भाग ओलावतो आहे, म्हणजे पाणी जॅममधूनच उतरते आहे. आपल्याकडील नियमांनुसार जॅममध्ये विद्राव्य घन पदार्थ (मुख्यतः विरघळलेली साखर) किमान ६५ टक्के असावे लागतात, म्हणजे चांगल्या बाटलीतसुद्धा जवळजवळ एक तृतीयांश पाणी असू शकते. पोळीला लावायला ते ठीक आहे, पण कच्च्या पिठावर पसरून भट्टीत घातले की ते पाणी खालच्या थरात मुरते आणि तो थर नीट भाजलाच जात नाही.

म्हणून तळ आधी एकटा भाजावा. मैदा २०० ग्रॅम, तांदळाची पिठी ४० ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम आणि थंड लोणी १६० ग्रॅम घ्यावे. स्कॉटलंडच्या शॉर्टब्रेडचे एक भाग साखर, दोन भाग लोणी आणि तीन भाग पीठ हे जुने प्रमाण ते हेच, आणि थोडे तांदळाचे पीठ घालण्याची रीतही तिथलीच. त्याने कुरकुरीतपणा वाढतो. बोटांच्या टोकांनी चोळून पीठ रव्यासारखे झाले की त्यातला दोन तृतीयांश भाग बटर पेपर लावलेल्या साच्यात वाटीच्या बुडाने घट्ट दाबावा, काट्याने टोचावा आणि १८० अंशांवर कडा फिकट सोनेरी होईपर्यंत, साधारण १८ ते २० मिनिटे भाजावा. उरलेले पीठ तोवर फ्रीजमध्येच असू द्यावे. बाहेर ते तेलकट होते आणि मग त्याचा चुरा पडत नाही.

जॅम बाजारचा असला तरी चालेल, पण २२५ ग्रॅम जॅम कढईत चमचाभर लिंबाचा रस घालून मंद आचेवर आटवून घ्यावा. फ्रीजरमध्ये गार केलेल्या बशीवर थेंब टाकून बोटाने सरकवला असता त्याला सुरकुती पडली पाहिजे. स्वयंपाकाचा तापमापक असेल तर १०४ ते १०५ अंश ही खूण धरावी. ठाणे समुद्रसपाटीजवळ असल्यामुळे हा आकडा इथे जसाच्या तसा लागू पडतो, महाबळेश्वरला मात्र पाणीच लवकर उकळत असल्यामुळे तो चार-पाच अंशांनी खाली येईल. तळ गरम असतानाच जॅम कडांपासून अर्धा सेंटीमीटर आत पसरावा, नाहीतर कडेचा जॅम साच्याला चिकटून करपतो. वर चुरा घालून हाताने हलकेच दाबावा आणि आणखी २५ ते ३० मिनिटे भाजावे. हे हलके दाबणे कोणी फारसे सांगत नाही, पण कापताना चुरा सुटण्यावर तोच उपाय आहे.

पाचपाखाडी:

ऐरोलीकर यांच्या कृतीत मी एकच बदल सुचवेन: लोण्याऐवजी थिजलेले साजूक तूप वापरावे. बाजारच्या बटरमध्ये स्निग्धांश ८० टक्के असतो आणि उरलेल्यात बहुतांश पाणीच असते. घरच्या लोण्यात तर ताकाचा अंश त्याहून जास्त राहतो. मैद्याला पाणी मिळाले की तो चिवट होतो. आपली नानकटाई तुपात होते आणि म्हणूनच ती जिभेवर विरघळते. १६० ग्रॅम बटरच्या जागी १३० ग्रॅम तूप पुरेल, आणि चिमूटभर मीठ वेगळे घालावे. तुपाचा तळ जास्त ठिसूळ होतो हे खरे, पण आपल्याला वड्या टिकवायच्या आहेत, त्यामुळे माझा कौल तुपालाच आहे.

वाशीवाली:

फळाबद्दल थोडे लिहिते. पेक्टिन (फळातला जॅम घट्ट करणारा नैसर्गिक घटक) भरपूर असलेल्या फळांचा जॅम चांगला घट्ट होतो; पेरू आणि करवंद ही त्यातली आपल्या भागात सहज मिळणारी फळे. स्ट्रॉबेरी आणि अननस यांत ते कमी असल्यामुळे नुसत्या साखरेवर त्यांचा जॅम पातळच राहतो. श्रावणापर्यंत करवंदे संपलेली असतात आणि पावसाळी पेरू पाणचट असतो, म्हणून या दिवसांत मी नव्याने जॅम करण्याच्या फंदात पडणार नाही.

त्यापेक्षा कोकणी पदार्थांच्या दुकानात मिळणारा आंब्याचा मावा आणावा. तो मुळातच आटवलेला रस असल्यामुळे त्यात सुटायला पाणी फारसे नसते. लिंबाचा रस आणि दोन-तीन चमचे गरम पाणी घालून तो पसरण्याजोगा सैल करावा. मावा बराच गोड असतो, त्यामुळे पिठातली साखर ६० ग्रॅमवर आणावी. तळावर चमचाभर कोरडा भाजलेला बारीक रवा भुरभुरला तर उरलासुरला ओलावा तो टिपून घेतो. रंग केशरी येतो आणि मंगळागौरीच्या ताटात तो फार शोभून दिसेल.

घोडबंदरकर:

तिघांचेही मनापासून आभार. तूप आणि मावा हा मेळ निश्चित केला आहे. एकच शंका राहते: वड्या गरम असताना कापून डब्यात भराव्यात की गार झाल्यावर?

ऐरोलीकर:

पूर्ण गार झाल्यावरच. साच्यासकट जाळीवर दोन तास ठेवाव्यात, मग तासभर फ्रीजमध्ये, आणि नंतर बटर पेपरच्या कडा धरून अख्खा चौकोन उचलून पाटावर घ्यावा. तुपाचा तळ गार झाला की घट्ट बसतो, त्यामुळे लांब सुरी वरून सरळ दाबावी, करवतीसारखी ओढू नये. कोमट वड्या डब्यात भरल्या तर झाकणाला वाफ धरेल आणि तेच पाणी परत चुऱ्यावर पडेल.