मदत हवी आहे: गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या वडिलांना गाविलगड कितपत झेपेल?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे, महाल भागातले. डिसेंबरात आईबाबांना घेऊन चिखलदऱ्याला जायचं चाललंय. अमरावती-परतवाडा मार्गे आपल्याच गाडीने जाऊ. आईचं काही नाही, थंडी, कॉफी आणि दोनचार पॉइंट झाले की ती खूश. प्रश्न बाबांचा आहे. मेळघाटात वाघ नाही दिसला तरी चालेल म्हणतात, तिथला गाविलगड किल्ला मात्र बघायचाच.

महालात जन्म काढलेला माणूस, नागपूरकर भोसल्यांचा विषय निघाला की जेवण थंड होतं. अडगावच्या लढाईनंतर १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांत देवगावचा तह झाला. भोसल्यांचे राजे दुसरे रघुजी यांच्या हातून कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाडही गेलं. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले तेवढे भोसल्यांकडे राहिले. ‘वऱ्हाड जिथे गेलं ती भिंत एकदा बघू दे,’ एवढंच त्यांचं म्हणणं.

एक गुडघा बदललेला आहे. सपाटीवर आरामात चालतात, उतारावर मात्र हात धरावा लागतो. गाडी कुठपर्यंत जाते? ती भिंत बघायला किती आत जावं लागतं? की सरळ नरनाळ्याला न्यावं?

प्रतिसाद (परतवाड्याहून):
भाऊ, अख्खा गड करायचा हट्ट धरू नका. पठार लय मोठं आहे. तलाव, मशीद, तोफा सगळं दूरदूर पसरलेलं, सावली कमी, आणि खायला-प्यायला आत काही मिळत नाही. पण काकांना जे बघायचं ते त्यांच्या सोयीच्याच बाजूला आहे. चिखलदऱ्याकडून आपण शिरतो ती गडाची उत्तर बाजू. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली दक्षिणेकडून नुसता धाक दाखवत होता. खरा मारा उत्तरेकडून झाला. त्याचा जोडीदार स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून तोफा ओढत आणल्या आणि बाहेरच्या कोटाला खिंडार पाडलं. मग कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून आतल्या कोटावर चढली आणि तिने दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. म्हणजे बाहेरचा कोट आणि पहिले दरवाजे पाहिले तरी काकांचं निम्मं काम झालं.

दिल्ली दरवाजापर्यंत जमलं तर बघाच. त्यावर हत्तींना पंजात धरलेले सिंह आणि गंडभेरुंड कोरलेलं आहे. वऱ्हाडावर राज्य करणाऱ्या इमादशाहीचा संस्थापक फतेहउल्ला मूळचा विजयनगरकडचा, त्यामुळे वऱ्हाडातल्या दरवाज्यावर हे दोन तोंडांचं पाखरू आलं असावं, असं मला वाटते. दगडी वाट उंचसखल आहे, काठी घ्या, सकाळी लवकर निघा. पावसाळ्यात नेलं असतं तर धुक्यात भिंतच दिसली नसती, डिसेंबर बरोबर निवडला.

प्रतिसाद (अकोल्याहून):
चालणं अजिबात नको असेल तर नरनाळा सोपा, वर गाडीरस्ता आहे. शहानूरला वनखात्याची नोंद करून वर जायचं. महाकाली दरवाजा फारच देखणा, १४८७ चा शिलालेख आहे त्यावर. नऊगजी तोफही बघा. पण तुमच्या बाबांची गोष्ट ऐकली तर नरनाळा त्यांना पुरणार नाही. शिवाय तो सातपुड्यात अकोटच्या अंगाला, चिखलदऱ्याच्या एका दिवसात कोंबू नका. अकोल्याला मुक्काम करून वेगळा करा.

मूळ धागाकर्ता:
दोघांचेही खूप आभार. उत्तरेची बाजू म्हणजेच आपली यायची बाजू, हे बाबांना वाचून दाखवलं. आता ते नकाशा काढून बसलेत आणि मला बेनीसिंग कुठे पडला ते विचारताहेत! नरनाळा पुढच्या वेळी.

आणखी एक, आईला गाडी लागते. परतवाड्याहून चढताना धामणगाव गढीकडून यावं की घटांगकडून? वळणं कुठे कमी लागतील, आणि मध्ये गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं बसता येईल अशी जागा कोणत्या रस्त्यावर आहे?