मदत हवी आहे: रिपब्लिक-मेसा मर्जर आणि पायलटची सीनियॉरिटी लिस्ट

मंडळी, अमेरिकेत रीजनल एअरलाइनला कोणी पायलट आहे का इथे? माझा भाचा मेसा एअरलाइन्सला फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे, २०२५ मध्ये रिपब्लिकबरोबर मर्जर जाहीर झालं तेव्हापासून फोनवर एकच विषय, एकत्र सीनियॉरिटी लिस्टमध्ये (ज्येष्ठतेच्या यादीत) आपला नंबर कुठे लागणार, कारण कॅप्टनची सीट, बेस, सुट्ट्या सगळं त्या एका नंबरवर. त्यात मेसाचे पायलट अल्पाचे आणि रिपब्लिकचे टीमस्टर्सचे, म्हणजे युनियनपण वेगळ्या. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही एअरलाइन घेतली तेव्हा तिच्या बऱ्याच पायलटना अमेरिकनच्या यादीत तळाला टाकलेलं, मग २००७ ला याद्या न्याय्य पद्धतीने जोडा असं सांगणारा मॅककॅस्किल-बॉन्ड कायदा आला, इथवर माहितीये. पण यादी जोडताना जॉइनिंग डेट धरतात की कॅप्टन, फर्स्ट ऑफिसर अशा सीटचं प्रमाण? प्रकरण लवादाकडे गेलं तर साधारण किती लांबतं? तोवर अपग्रेडला (कॅप्टनच्या सीटसाठी) बिड, म्हणजे अर्ज, करावं का थांबावं?