अंगणातला पाचोळा आणि घरातला ओला कचरा: ड्रमला वास येतो, पाचोळा कुजत नाही, काय चुकतंय?

ओसरी

पानगळ सुरू झाली आहे. अंगणात दोन मोठी झाडं आहेत, सकाळी झाडून घेतलं तरी दुपारपर्यंत पुन्हा सडा. घरात पाच माणसं. साली, देठं, चहा-कॉफीचा चोथा मिळून रोज साधारण १ किलो ओला कचरा निघतो. तो २०० लिटरच्या झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये जातो. ड्रमला भोकं पाडलेली नाहीत. तीन आठवड्यांत तळाशी काळं पाणी साचलंय, गटारासारखा वास येतोय आणि झाकण उघडलं की चिलटांचा ढग उठतो. पाचोळा वेगळा कोपऱ्यात रचलाय. तो वरून कोरडा, आतून ओला, थरच्या थर चिकटून बसलेत. कुजण्याचं नाव नाही.

१) दोन्ही एकत्र करायचे तर प्रमाण काय?
२) आत्ताचा ड्रम वाचवता येईल की ओतून टाकावा?
३) पाला ठेवायचा कसा? घरातल्या बाकीच्यांचं मत 'जाळून टाका' असं आहे.

खतोबा

जाळू नका. ओलसर पाला जळत नाही, धुमसतो. तो धूर घरातल्यांच्याच छातीत जातो. आणि तुमच्या ड्रमला जे हवंय तेच तुम्ही जाळणार आहात.

कारण आधी समजून घ्या, मग प्रमाण लक्षात ठेवावं लागत नाही. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण २५ ते ३० भाग कर्बाला (कार्बन) १ भाग नत्र (नायट्रोजन) असं खाणं मानवतं. साली-देठांत हे प्रमाण १५-२० ला १, म्हणजे नत्र जास्त, शिवाय पाणी भरपूर. पान गळण्याआधी झाड त्यातलं बरंचसं नत्र परत ओढून घेतं, म्हणून वाळक्या पानांत ते ४० ते ८० ला १ असतं. नुसत्या ओल्या कचऱ्याचा चिखल होतो, हवा बंद होते आणि वास सुटतो. नुसता पाला उपाशी बसून राहतो.

मापाने सांगायचं तर १ भांडं ओला कचरा, २ भांडी चुरलेला कोरडा पाला. पाला अख्खा असेल तर ३ ते ४ भांडी. हे प्रमाण आकारमानाचं आहे, वजनाचं नाही. पाला वजन करून घालायला गेलात तर अंगण पुरणार नाही.

ड्रम वाचेल. असं करा:

ड्रम पूर्ण रिकामा करा. जमिनीवर आधी वीतभर पाल्याचा थर पसरून त्यावर ओता. हातमोजे घाला, दुपारची वेळ निवडा, शेजारच्यांच्या खिडक्या कुठल्या दिशेला आहेत ते बघा. जेवढा लगदा असेल त्याच्या दुप्पट चुरलेला पाला मिसळा आणि दिवसभर उघडा ठेवा. वाऱ्याने अर्धा वास तिथेच जातो.

तोवर रिकाम्या ड्रमच्या तळाला ८-१० मिमीची ७-८ भोकं पाडा. बाजूंना वीत-वीत अंतरावर आणखी २५ एक. ड्रम विटांवर ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे. आत तळाशी १०-१५ सेंमी काटक्या घाला, बोटाएवढ्या जाड. हा थर चुकवू नका, नाहीतर आठवडाभरात तळाची भोकं लगद्याने बुजतात आणि पहिले पाढे पंचावन्न.

मग मिश्रण परत भरा. वर कायम ५ सेंमी कोरड्या पाल्याचं पांघरूण. चिलटांची अंडी बहुतेक फळांच्या सालींबरोबरच घरातून येतात. उबदार हवेत अंड्यापासून चिलट व्हायला ८-१० दिवस लागतात. म्हणजे दोन आठवडे पांघरूण एकदाही उघडं पडू दिलं नाही तर ढग ओसरतो. एक दिवस विसरलात की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

तळाचं काळं पाणी कुंड्यांना घालू नका. ते हवेविना सडलेलं आहे, मुळं दुखावतात. कोपऱ्यातल्या पाल्याच्या ढिगावर ओता, त्याला नत्राची गरज आहेच.

जाळीदार पान

खतोबांच्या उत्तराला अनुमोदन, पण खरी मेख साठवणीत आहे. ओला कचरा वर्षाचे बारा महिने निघतो, पाला पडतो सहा-आठ आठवडे. आत्ता वाटतं पाला उदंड आहे. चार महिन्यांनी मूठभर सापडत नाही आणि ड्रम पुन्हा घाण मारायला लागतो. बहुतेक घरांतलं खत इथेच बंद पडतं.

हिशोब करून बघा. रोज १ किलो म्हणजे साधारण २ लिटर ओला कचरा. त्याला ४ लिटर चुरलेला पाला. वर्षाचा झाला १,४६० लिटर. १०० लिटरची १५ पोती भरून ठेवायला हवीत. ऐकायला जास्त वाटतं, पण मोठ्या झाडाखालचा अख्खा, मोकळा पाला चुरला की चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे चुरूनच भरा, नाहीतर पोती चार-पाच पट लागतील.

साठवताना:

– पाऊस किंवा दव नसलेल्या दुपारी गोळा करा. ओला पाला पोत्यात कोंबला तर तिथेच बुरशी धरतो. तळहातावर पान चुरगाळा. कुरकुरून तुकडे पडले तर भरा, नुसतं दुमडलं तर अजून दोन ऊन दाखवा.
– विणलेली पोती घ्या, हवा लागते. प्लास्टिकची बंद पिशवी नको.
– पडवी किंवा छपराखाली, जमिनीपासून फळीवर. चूल, गॅसची शेगडी, विजेच्या मीटरपासून लांब. वाळका पाला म्हणजे सरपणच. महिन्यातून एकदा पोती हलवा, उंदीर घर करत नाहीत.
– रस्त्याच्या कडेचा पाला घेऊ नका. तेल, काच, बारीक खडी सगळं त्यात असतं.
– डाग पडलेली, भुरी आलेली पानं वेगळी काढा. रोगाचं बी मरायला ढीग ५५ अंशांच्या वर काही दिवस तापावा लागतो, आणि तेवढं तापायला निदान १ घनमीटरचा ढीग लागतो. २०० लिटरचा ड्रम फार तर कोमट होतो.

पन्हळीतला पाला पहिल्या मोठ्या पावसाआधी काढा. तो आधीच काळपट, अर्धा कुजलेला असतो; साठवू नका, थेट ड्रममध्ये घाला.

आता कोपऱ्यातल्या चिकटलेल्या ढिगाबद्दल. ओली रुंद पानं भिजलेल्या वहीच्या कागदांसारखी एकमेकांवर बसतात, मध्ये हवाच जात नाही. पंजाने उपसून, सुटी करून, चुरून परत रचा. एवढ्यानेच फरक पडेल. त्यात ओला कचरा न घालता वेगळं ठेवलंत तर पानमाती होते. ती बुरशीच्या जोरावर होते, म्हणून सावकाश: चुरलेल्या पाल्याची ६ ते १२ महिन्यांत, अख्ख्याची दीड-दोन वर्षांत. १ मीटर व्यासाचा पिंजरा करायला सव्वातीन मीटर तारेची जाळी लागते, उंची ९० सेंमी. रचताना प्रत्येक वीतभर थरावर पाणी शिंपडा आणि विसरून जा. पानमातीत अन्न फारसं नसतं, पण ती पाणी छान धरून ठेवते; चाळून रोपांच्या मिश्रणाला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

ओट्यापाशी

अंगणाचं झालं, आता घरातलं बोलू. वासाची सुरुवात ड्रममध्ये होत नाही, ओट्याखालच्या डब्यात होते.

५ लिटरचा झाकणाचा डबा पुरे. मोठा डबा घेऊ नये, भरेपर्यंत पाच दिवस जातात आणि तोवर आत लगदा होतो. तळाला वर्तमानपत्राची चौपदरी घडी, त्यावर मूठभर पाला. साली धुतल्या असतील तर निथळू द्या. दर दोन दिवसांनी रिकामा करा, भरला नसला तरी. रिकामा केला की नुसत्या पाण्याने धुऊन उन्हात पालथा घाला.

काय जातं, काय नाही यावर घरात रोज वाद होतो, म्हणून झाकणावरच चिकटवून ठेवा. चालतं: कच्च्या साली, देठं, बिया, चोथा, अंड्याची टरफलं (चुरून, अख्खी असली तर वर्षानेही तशीच सापडतात). चालत नाही: मांस-मासे, दूध, तेलकट किंवा शिजवलेलं अन्न. त्याला वास लवकर सुटतो आणि उंदीर लांबून येतात. चहाच्या पुड्यांचं (टी-बॅगचं) कापड पुष्कळदा प्लास्टिकचं असतं, फाडून आतला चोथा तेवढा घ्या. लिंबूवर्गीय साली चालतात, पण बारीक चिरून. अख्खी अर्धुकं कडक होऊन बसतात.

ड्रमशेजारी पाल्याचं एक पोतं आणि त्यात एक डबडं कायम असू द्या. पाला आणायला पडवीपर्यंत जावं लागलं की कोणीच जात नाही, हा माणसाचा स्वभाव आहे. नियम एकच: एक डबडं कचरा, दोन डबडी पाला. हे सात-आठ वर्षांचं मूलही बिनचूक करतं, मोठ्यांपेक्षा बरं करतं. फक्त झाकण नीट बसलं का ते मोठ्यांनी बघावं आणि हात साबणाने धुवायला लावावेत.

ओसरी

सगळ्यांचे आभार. ड्रम उद्याच रिकामा करतो. दोन शंका. एका झाडाची पानं जाड, चकचकीत, चिवट आहेत. हाताने चुरत नाहीत. दुसरं, घरी कोणीतरी सांगतंय की थोडा चुना मारला की वास जाईल. मारू का?

खतोबा

चुना नको. चुन्याने मिश्रण अल्कधर्मी होतं, मग त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. नाकात झिणझिणी आणणारा तो वास आणि वर खत निकस. पाला हाच उपाय.

वासावरून रोग ओळखता येतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कमी आणि पाणी जास्त: सळईने तळापर्यंत भोसकून हलवा, पाला घाला. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त, बहुधा कापलेलं गवत एकदम घातलेलं असतं: पुन्हा पालाच. काहीच वास नाही आणि महिनाभर पातळी खाली जात नाही, तर ते वाळलंय.

ओल बघायला मूठभर मिश्रण मधल्या थरातून घ्या, वरचं नको. जोर लावून पिळा. बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब येऊन थांबला आणि मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहून अंगठा लावताच फुटला, की बरोबर वाफसा. पाणी मनगटावर ओघळलं तर पाला वाढवा. मूठ उघडताच भुगा सांडला तर तांब्याभर पाणी शिंपडा.

आणखी एक, ड्रम एकच असेल तर अडचण होणार. रोज ६ लिटर भरलं तर हिशोबाने महिन्याभरात काठोकाठ, पण मिश्रण बसत जातं म्हणून दोन-अडीच महिने चालेल. दुसरा ड्रम लागेलच. पहिला भरला की बंद, दुसरा सुरू. दुसरा भरत आला की पहिल्यातलं अर्धकच्चं काढून सावलीत ढीग करा, झाका, निदान तीन-चार महिने मुरू द्या. घाईने कुंडीत घातलं तर ते मातीतलंच नत्र खातं आणि रोपं पिवळी पडतात.

जाळीदार पान

जाड पानांचं: आधी तीन-चार दिवस कडक वाळवा. मग गवत कापायचं यंत्र असेल तर पसरलेल्या पाल्यावरून दोनदा फिरवा. नसेल तर पोतं निम्मं भरा, तोंड बांधा, आडवं टाका आणि मुलांना त्यावर नाचू द्या. पाच मिनिटांत काम होतं. नुसती चिरली तरी पुरतं. वरचा मेणचट थर पाणी आत जाऊ देत नाही, कडा फाटल्या की तिथून बुरशी शिरते. तरी ही पानं दुसऱ्या झाडाच्या पातळ पानांबरोबर निम्मी-निम्मी मिसळूनच वापरा. खत चाळताना शिरांच्या जाळ्या तेवढ्या वर उरतील, त्या पुढच्या ड्रमच्या काटक्यांवर टाका.