विनोदी लिहायला घेतलं आणि रडगाणं झालं, काय करू?

मुक्ताफळं:
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा विचारतेय. एक विनोदी दीर्घकथा लिहायला घेतलीय. नायिका ४८ वर्षांची, नोकरी, कॉलेजातली मुलगी, आजारी सासरे, म्हणजे आपल्यातलीच कुणीतरी. सात पानं झाल्यावर नवऱ्याला वाचायला दिली तर म्हणतो, "छान आहे, पण ही बाई सारखी कुरकुर का करते?" आणि वाईट याचं वाटलं की त्याचं बरोबर आहे. पहिल्याच पानावर ती पहाटे साडेपाचपासून काय काय करते याची यादी आहे, ती परत वाचताना मलाच डुलकी लागली. हेच सगळं आम्ही ऑफिसातल्या बायका एकमेकींना सांगतो तेव्हा पोट धरून हसतो. कागदावर आलं की काय होतं त्याला?

निवांत_कधीच_नाही:
ती यादी उडव आधी. ती दमलीय यात काही गंमत नाही गं, दमलेली दिसू नये म्हणून जी नाटकं करते ना त्यात आहे. अ‍ॅलिसन पिअर्सनची २००२ सालची 'आय डोन्ट नो हाऊ शी डझ इट' ही इंग्रजी कादंबरी मिळाली तर नुसती सुरुवात वाच. मोठ्या पगाराची नोकरी असलेली केट रेडी मध्यरात्र उलटून गेल्यावर स्वयंपाकघरात विकत आणलेले मिन्स पाय (नाताळात करतात ते सुकामेवा भरलेले छोटे गोड पाय) ठोकून ठोकून बिघडवतेय, का तर मुलीच्या शाळेत ते घरी केलेले वाटावेत म्हणून! इतर आयांची धास्ती, अपराधीपणा, वेळेची बोंब, सगळं त्या ठोकण्यात आलं. २०१७ मध्ये दुसरा भाग आला त्यात ती पन्नाशीला टेकलीय आणि नोकरी मिळावी म्हणून वय सात वर्षांनी कमी सांगते. आता सात वर्षं ढापली की मुलांची वयं सांगतानाही मनात वजाबाकी करत बसायचं. तुझी बाई काय लपवते ते आधी ठरव, बाकीचं आपोआप सुचेल.

खडूस_काका:
नवरे मंडळींतर्फे एक विनंती, नवरा बावळट दाखवू नका, फार सोपं होतं ते आणि हजारदा करून झालंय. त्यापेक्षा चांगला दाखवा. "तू फक्त सांग काय करायचं, मी करतो" म्हणणारा. मी स्वतः हे वाक्य वीस वर्षं अभिमानाने म्हणत आलो. एका रविवारी बायकोने खरंच सांगायला घेतलं. चाळीस मिनिटांनी मी विचारलं, हे लिहून देतेस का? तेव्हा तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मला लिहिता येत नाही, तुम्ही लिहा.

शुभा४९:
काका =)) =))
मुक्ता, ४८ म्हणतेस आणि सात पानांत एकदाही तिला दरदरून घाम फुटला नाही? पाळी जायच्या आसपासची वर्षं आहेत ती. माझंच सांगते, बजेटच्या मीटिंगमध्ये बाकीचे एसीने कुडकुडत होते आणि मला मानेपासून अशी आग चढली की मी फाइलने वारा घेत, लालबुंद होऊन, ओठ घट्ट मिटून बसले. साहेबांना वाटलं मी भयंकर चिडलेय. माझी मागणी एक पैसा न कापता मंजूर! तेव्हापासून महत्त्वाच्या मीटिंगला घाम यावा म्हणून वाट बघते तर मेला येत नाही. आणि विसराळूपणा घाल. पिअर्सनच्या त्या दुसऱ्या भागात केटच्या डोक्यात रॉय नावाचा ग्रंथपाल आहे, एखादं नाव आठवेना की ती त्याला पाठवते आणि तो आपला सावकाश कपाटं धुंडाळत बसतो. तो तिचा आहे, तू तुझा कुणीतरी शोध.

मुक्ताफळं:
सगळ्यांचे आभार, यादी फाडली. लपवायचं म्हणालात तर पहिलं आठवलं ते हे की माझ्या हनुवटीवर एक केस येतो, एकच, तारेसारखा, आणि तो घरच्या आरशात कधीच दिसत नाही, दिसतो फक्त ऑफिसच्या लिफ्टमध्ये. त्यामुळे पर्समध्ये चिमटा असतो आणि तळमजला ते सातवा एवढाच वेळ. परवा ऐन उपटताना तिसऱ्यावर दार उघडलं आणि नवीन लागलेला मुलगा आत आला, मी चिमटा तसाच धरून त्याला म्हटलं, "दात दुखतोय."
काका, यात नवरा कुठे घालू?

खडूस_काका:
घालू नका. फक्त रात्री त्याने विचारावं, "दात कसा आहे?"

शुभा४९:
म्हणजे तो मुलगा नवऱ्याच्या ओळखीचा?? मुक्ता, आठवं पान टाक लवकर.