गाडी नसेल त्यानं बागेत चकरा माराव्यात?

राजेंद्रनगरकर
परवा आपल्या मंडळाच्या समूहावर एकांनी लिहिलं, ‘हे काही पुणं नव्हे. इंदूरला निसर्गात हिंडायचं तर स्वतःची गाडी हवी. नसेल त्यांनी मेघदूत उपवनात चकरा माराव्यात.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. तिथे गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

खंडवा रोडला दिवसभर बसेस आहेत. तेजाजीनगरला उतरलं की रालामंडलची टेकडी पायी गाठता येते. वर होळकरांच्या शिकारखान्यापर्यंत चढलं की एका बाजूला सगळं शहर, दुसऱ्या बाजूला डोंगर. सिमरोलला उतरा आणि तिंछाच्या धबधब्याच्या दिशेनं चालत सुटा. श्रावणात दोन्हीकडे सोयाबीन असतं आणि काळी माती चपलेला अशी धरते की दर थोड्या वेळानं काडीनं खरवडावी लागते. चोरलला नदी आहे. धामनोदच्या बसनं जानापावच्या डोंगराच्या फाट्यावर उतरून वर गेलात की चंबळेचा उगम. आमच्यासारख्या बिनगाडीच्या माणसांनी या वाटा वर्षानुवर्षं तुडवल्यात. दाराशी गाडी उभी असणाऱ्यांनी आम्हाला बाग दाखवू नये.

तीन इमली
जायचं सांगितलंत, यायचं कोण सांगणार? पुण्याच्या माणसाला एस.टी. आहे. आपलं राज्य परिवहन 2005 मध्येच बंद पडलं. तेव्हापासून सगळा खाजगी कारभार. सुटताना स्टँडवर हाका मारमारून बसवतात, पण संध्याकाळी फाट्यावर हात दाखवा, लांबच्या सवारीनं भरलेली बस वेगसुद्धा कमी करत नाही. आईला घेऊन मी चोरलच्या पुढे उभी होते. कंडक्टर सकाळी म्हणाला होता, ‘रात्रीपर्यंत गाड्याच गाड्या.’ अंधार पडला, ट्रकचे दिवे डोळ्यांवर, आईचे गुडघे बोलायला लागलेले. शेवटी दूधवाल्याच्या पिकअपमध्ये कॅनच्या मधे बसून सिमरोलपर्यंत आलो. तुम्हाला ही मजा वाटत असेल. बाई माणसानं हे दर रविवारी करावं असं मी तरी कुणाला सांगणार नाही.

महूची सून
दोघंही बसवर भांडताय. खरी गोष्ट रेल्वेची आहे. जुन्या अरुंद रुळांवरची मीटरगेज पॅसेंजर होती तोवर हा प्रश्नच नव्हता. महूला बसायचं, पाताळपाण्याचा धबधबा, मग घाट, बोगदे, कालाकुंड. इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लाच्या, आमच्या टंट्या मामाच्या, देवळापाशी गाडी क्षणभर थांबायची, लोक खिडकीतूनच हात जोडायचे. कालाकुंडला पळसाच्या द्रोणात कलाकंद मिळायचा, अजून कोमट, तळाशी पानाचा वास लागलेला. नदीकाठानं चालायचं आणि परतीच्या गाडीनं घरी. 2023 च्या सुरुवातीला महू ते ओंकारेश्वर रोड मार्ग बंद केला आणि गरिबाची सहल संपली.

निमाडी
ताई, सहल म्हणजे रेल्वे नव्हे. माझं माहेर, सासर, शेती सगळं घाटापलीकडे बडवाहच्या बाजूला. त्या घाटात चाळीसाला एक असा चढ आहे, मागून दुसरं इंजिन लावून ढकलावं लागायचं. खंडव्याशी ब्रॉडगेजनं जोडल्याशिवाय इंदूरला दक्षिणेकडचा सरळ रस्ता नाही. तुमच्या कलाकंदासाठी आमच्या पिढ्यांनी किती वर्षं थांबायचं?

महूची सून
ब्रॉडगेज नको असं मी कुठे म्हटलं? वाचा की नीट! नवा मार्ग घाट टाळून वेगळाच काढलाय, म्हणजे पाताळपाणी ते कालाकुंड हा जुना तुकडा तसाच राहणार. मग त्यावर साधी पॅसेंजर का नाही? हेरिटेज गाडी आहे, 2018 च्या डिसेंबरात सुरू झाली, मोठ्या काचांचे डबे. पण ती हंगामात, ठरलेल्या दिवशी, सहलवाल्यांसाठी. वर आता ती सुटते पाताळपाण्याहून. म्हणजे गाडीत बसायला महूहून आधी ऑटो ठरवा! तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी इंग्रजांना एक कोटी कर्ज दिलं तेव्हा ही लाइन झाली. होळकरांच्या पैशातून झालेल्या रुळांवर कालाकुंडच्या बाईला दवाखान्यात जायला डबा नाही, आणि आपण काचेतून धबधबा बघायचा. याची मला चीड येते आणि येत राहील.

निमाडी
कालाकुंडच्या बाईचं म्हणणं मान्य. तेवढंच. बाकी होळकर मधे आणू नका, कर्ज व्याजानं दिलं होतं.

महूची सून
व्याजानं दिलं म्हणून काय रूळ आपोआप पडले?

रामबाग
रेल्वे राहू द्या. माझं वेगळंच म्हणणं आहे. ही नावं अशी उघड लिहूच नका. जुलै 2011 मध्ये पाताळपाण्यात एका कुटुंबातली माणसं मधल्या खडकावर अडकून वाहून गेली, सगळ्या देशानं ते पाहिलं. त्यानंतरही लोक तिथेच उतरतात, तिंछालाही तेच. वर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो, हे बाहेरच्याला कळत नाही. आणि कचरा! स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणारं आमचं शहर रविवारी शेवेची पाकिटं नि बाटल्या धबधब्याखाली टाकून येतं.

राजेंद्रनगरकर
रामबाग, बाटल्या बसनं येत नाहीत, डिकीतून येतात. पाठीवर पिशवी घेऊन चालणारा माणूस पेटी उचलून आणत नाही. पाण्याचं म्हणणं शंभर टक्के खरं, म्हणून तर मी काठाकाठानं चालायचं सांगतोय, खाली उतरायचं नाही. पण नावं लपवली तर काय होईल? गाडीवाले नकाशात बघून जाणारच. ज्याला माहितीची गरज आहे तोच घरी बसेल.

तीन इमली
आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

राजेंद्रनगरकर
देतो. चोरलला दुपारी तीननंतर थांबूच नये. फाट्यावर उभं राहायचं नाही, मागे गावच्या स्टँडवर जायचं, तिथे सवारी उतरते म्हणून बस थांबतेच. जानापावहून परतताना मानपूर गाठावं. सिमरोलपुढे आय.आय.टी.मुळे वर्दळ असते. आता रस्ता चौपदरी होतोय, बोगदे होतायत, तेव्हा जुन्या घाटातल्या थांब्यांचं काय होणार याची मात्र मला खरी काळजी आहे. बसेस बोगद्यातून गेल्या तर घाटातल्या गावांना कोण विचारणार?

तीन इमली
म्हणजे तीनला परत फिरायचं, तर चालायचं कधी? बरं, रालामंडल आणि सिमरोल मान्य, ते अर्ध्या दिवसात होतं, आईलाही नेता येईल. चोरल-जानापाव मी एकटी करणार नाही, आणि दुसऱ्या बाईलाही कर म्हणणार नाही. थांब्यावर परतीच्या शेवटच्या बसची वेळ रंगवून लिहिलेली असती तर एवढं लिहायची वेळ आली नसती. एक पाटी, एवढंच मागतेय.

महूची सून
पाटी लावाल तेव्हा लावा. कालाकुंडला रोज एक डबा हवाच, ते मी सोडणार नाही.

निमाडी
डबा लागला तर बडवाहपर्यंत आणा मग.