जेने-जेनो अरबांच्या आधीचं

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर नदीकाठची शहरं अरब व्यापाऱ्यांमुळे उभी राहिली, हे म्हणणं मला पटत नाही. टिंबक्टूबद्दल एक वेळ चालेल, पण मालीतलं जेने-जेनो हे शहर फार जुनं. १९७७ साली सुझन आणि रॉडरिक मॅकिंटॉश या दांपत्याने तिथे उत्खनन केलं. वस्तीची सुरुवात निघाली इ.स.पू. २५० च्या आसपासची, म्हणजे इस्लामच्या उदयाआधी आठ-नऊशे वर्षं!

मला सगळ्यात बोलका पुरावा वाटतो तो लोखंडाचा. पुराने वेढल्या जाणाऱ्या त्या गाळाच्या जमिनीत लोहखनिज नाही, धड दगडही नाही. तरी अगदी खालच्या थरांतसुद्धा लोखंड सापडतं. म्हणजे ते बाहेरूनच यायचं, बदल्यात बहुधा तिथला भात आणि सुकी मासळी जायची. हा व्यापार त्यांचा स्वतःचा होता.